रानड्यांची शाळा

पुढारीपण ही शिकविण्याजोगी गोष्ट आहे, असे आज पुष्कळांना वाटू लागले आहे. कारखान्यांतील अधिकारी, बँकांचे व्यवस्थापक, निवडणुकीस उभे राहू पाहणारे तरुण, या सर्वांना नेतृत्व शिकविणारे तज्ज्ञ आता शहरोशहरी आढळतात. त्यांची शिबिरे भरतात, त्यांना मोबदलाही चांगला मिळतो. या धंद्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पहिलवानाला वस्ताद लागतो, गवयाला गुरू लागतो, मग पुढाऱ्यालाच तेवढा का लागू नये? मात्र हा धंदा नवा आहे, हे म्हणणे मान्य करता येत नाही. महाराष्ट्रात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाने हे काम आयुष्यभर केले, एक पैही न घेता केले, आणि त्याच्या हाताखालून निघालेल्या माणसांनी पुढची पन्नास वर्षे सार्वजनिक जीवन चालविले. त्याने हे काम पहिल्याने कचेरीच्या मेजावर केले असेल, पण त्याची खरी परीक्षा झाली ती स्वतःच्या माजघरात. ते गृहस्थ म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

त्यांचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात सांगून पुढे जातो. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे जन्म, कोल्हापुरास बालपण, मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत ते होते. पुढे बी.ए., एम.ए., एलएल.बी. वाचन इतके अचाट की तरुणपणीच डोळे अधू झाले आणि पुढे जन्मभर दुसऱ्याने वाचून दाखवावे व यांनी ऐकावे असा क्रम पडला. (हा क्रम त्यांच्या शिष्यांच्या किती पथ्यावर पडला, हे पुढे दिसेलच.) १८७१ साली ते न्यायाधीश होऊन पुण्यास आले.

येथेच त्यांच्या जीवनातील खरी अडचण सुरू झाली आणि त्या अडचणीतूनच त्यांचे खरे कार्य निघाले. ते सरकारी नोकर होते. व्यासपीठावर चढून सरकारशी दोन हात करण्याची त्यांना मुभा नव्हती. सभेचा अध्यक्ष दुसरा, चिटणीस दुसरा, अर्जावर सही दुसऱ्याची. अर्जातील विचार मात्र यांचा. स्वतः पुढे होता येत नाही, तेव्हा पुढे होणारी माणसे तयार केली पाहिजेत, हा त्यांच्या परिस्थितीनेच त्यांना शिकविलेला धडा होता. माझे तर मत असे आहे की रानडे वकिलीत शिरते आणि स्वतंत्र राहते, तर ते स्वतः फार मोठे पुढारी झाले असते. पण मग गोखले झाले असते की नाही याची शंका वाटते.

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झालेली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. या सभेचा एक नियम आज मुद्दाम आठवावा असा आहे. सभासद होणाऱ्याने निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तो नियम. नुसते श्रीमंत किंवा विद्वान असून भागत नसे. आपल्यामागे पन्नास माणसे आहेत हे दाखवावे लागे. रानडे आले आणि सभेला अभ्यासाचे वळण लागले. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून पिके, पाणी, मजुरी, धान्याचे भाव यांची माहिती गोळा केली आणि सरकारला पत्रांवर पत्रे धाडली. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यातील कितीतरी लेख रानड्यांचेच असत, पण वर नाव नसे.

त्याआधी, १८७५ साली, रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात वसंत ऋतूतील व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. आपण आज ज्या प्रकारच्या सभेला येऊन बसतो, तिचे मूळ तेथे आहे. व्याख्यानाने वक्ता तयार होतो हे उघड आहे. रानड्यांचे लक्ष वक्त्याइतकेच श्रोत्यांकडेही होते, असे मला वाटते. तासभर शांत बसून एखाद्या न पटणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणे, ही सवय आपल्या समाजाला त्या काळी नव्हती. त्याच वर्षी स्वामी दयानंद पुण्यास आले. त्यांच्या मिरवणुकीवर लोकांनी चिखलफेक केली. रानडे त्या मिरवणुकीत होते, चिखल त्यांच्याही अंगावर आला. ते घरी येऊन कपडे बदलून स्वस्थ बसले, कोणावर फिर्याद केली नाही.

सरकारला हे सारे रुचले असेल असे मात्र नाही. वासुदेव बळवंत फडक्यांनी तरुणपणी रानड्यांची स्वदेशी व्यापारावरील व्याख्याने ऐकली होती. १८७९ साली फडक्यांचे बंड झाले, त्याच सुमारास पुण्यातील बुधवारवाड्याला आग लागली, आणि रानड्यांची बदली नाशिकहून धुळ्यास झाली. धुळ्यास त्यांची पत्रे फोडून वाचली जात. रानड्यांनी ते ओळखले आणि काही न बोलता आपले काम चालू ठेवले. पुढे संशय फिटला.

आता त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या विद्यार्थ्याकडे वळू. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ चा, कोकणातील कोतळूकचा. अठराव्या वर्षी बी.ए. होऊन ते पुण्यास शिक्षक झाले आणि १८८७ च्या सुमारास रानड्यांच्या हाताखाली आले. वय वर्षे एकवीस. त्यांच्याकडे त्रैमासिकाचे संपादन आले, पुढे १८९० मध्ये सभेचे चिटणीसपदही. या शिक्षणात भाषण कसे करावे, सभा कशी जिंकावी, यांतले काहीही नव्हते. सरकारी अहवालांचे गठ्ठे आणावयाचे, आकडे उतरवून काढावयाचे, ते ताडून पाहावयाचे, मग मसुदा लिहावयाचा आणि न्यायमूर्तींना वाचून दाखवावयाचा. डोळे मिटून ऐकणारे न्यायमूर्ती कोठे थांबवितील याचा नेम नसे. आकडा कोठून घेतला, मागच्या वर्षीचा का घेतला नाही, हा शब्द आकड्यापेक्षा मोठा आहे, तो काढा. असे चौदा वर्षे चालले.

गोखल्यांनीच सांगितलेली एक हकीकत या शाळेवर पुरेसा प्रकाश टाकते. १८९१ साली सोलापूर-विजापूरकडे अवर्षण पडले. सभेने पुष्कळ माहिती जमवून मोठ्या कष्टाने सरकारला एक अर्ज पाठविला. सरकारचे उत्तर आले ते अवघ्या एकदोन ओळींचे, की आपले पत्र पोचले, मजकूर ध्यानी घेतला आहे. तरुण चिटणीसाचा विरस झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरावयास गेले असता त्यांनी विचारले की, सरकार जर वाचतही नाही, तर हा खटाटोप कशासाठी? रानड्यांनी त्यांना समजावले ते असे की, अर्ज नावाला सरकारकडे जातो, खरोखर तो लोकांसाठी असतो. अशा प्रश्नांचा विचार कसा करावा हे आपले लोक त्यातून शिकतात, आणि या देशात ही विद्या नवी असल्यामुळे बरीच वर्षे दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न धरता हे काम केले पाहिजे. पंचवीस वर्षांच्या, यशासाठी उतावीळ झालेल्या माणसाला हे उत्तर किती पचले असेल कोणास ठाऊक! पण ते त्याच्या लक्षात राहिले एवढे खरे.

दुसरी हकीकत आगगाडीतील आहे. १८९४ साली मद्रासच्या काँग्रेसहून मंडळी परत येत होती. रानडे एव्हाना मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले होते. सोलापूर स्टेशनवर ते खाली उतरले असता एका युरोपीय गृहस्थाने त्यांचे सामान बाजूस सारून त्यांची जागा बळकावली. रानडे परत आले, काही बोलले नाहीत, डॉ. भांडारकर बरोबर होते त्यांच्याकडे त्यांनी आपली सोय करून घेतली. तो गृहस्थ न्यायखात्यातील एक कनिष्ठ अधिकारी निघाला. पुणे आल्यावर त्याला कळले की आपण हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना उठविले आहे. तो माफी मागावयास पुढे आला, तेव्हा रानडे पाठ फिरवून चालते झाले. याबद्दल तुम्ही सरकारकडे लिहिणार की नाही, असे गोखल्यांनी विचारले. रानडे नाही म्हणाले, आणि उलट त्यांनाच विचारले की, या बाबतीत आपले मन तरी स्वच्छ आहे काय? आपल्याच देशातील अस्पृश्य मानलेल्या बांधवांना आपण कसे वागवितो? त्या वेळी अपमान रानड्यांचा झाला होता, राग गोखल्यांना आला होता, आणि त्या रागाचे तोंड गुरूने दुसरीकडे वळविले. वाद घालावयास हवा होता असे म्हणणारे तेव्हाही असतील, आजही आहेत. मीही एका बाजूने त्यांच्यातच आहे. परंतु गोखल्यांच्या मनात तो प्रश्न कायमचा रुतून बसला, हेही विसरता येत नाही.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. त्यांच्या साक्षीची तयारी रानड्यांनी आणि सोलापूरचे शिक्षक, आकडेशास्त्राचे विलक्षण जाणकार, गणेश व्यंकटेश जोशी यांनी करून घेतली होती. साक्ष गाजली. गोखल्यांनी जोशांना लिहिले की श्रेय तुम्हा दोघांचे आहे. परंतु त्याच प्रवासात पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताविषयी, खाजगी पत्रांवरून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी तेथे जाहीरपणे बोलून दाखविल्या, पुरावा उभा करता आला नाही, आणि परत येताच त्यांना माफी मागावी लागली. सारा महाराष्ट्र त्यांच्यावर उलटला. त्या वर्षअखेरच्या अमरावतीच्या काँग्रेसहून रानडे आणि गोखले एकाच डब्यातून मुंबईस परतले. पहाटे चारच्या सुमारास गोखल्यांना जाग आली, तो न्यायमूर्ती उठून बसलेले, हाताने टाळ्या वाजवीत तुकोबांचे अभंग पुन्हा पुन्हा म्हणत आहेत. आवाज काही गोड नव्हता, असेही गोखले प्रामाणिकपणे सांगतात. पण अपमानाने पोळलेल्या त्या माणसाला त्या पहाटेने काय दिले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

येथवर कचेरीचे झाले. आता माजघरात जाऊ. तेथे गुरूचीच परीक्षा आहे.

विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींत रानडे आरंभापासून होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. वय एकतीस. आता हे विधवेशी लग्न करतील, अशी सुधारकांची अपेक्षा आणि वडिलांची धास्ती. वडिलांनी घाईने देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी ठरविली. रानड्यांनी मुलीच्या वडिलांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मी सुधारक आहे, माझे डोळे अधू आहेत, मी विलायतेसही जाईन, असे सारे सांगून पाहिले. इकडे वडिलांनी बजावले की ऐकले नाही तर संबंध तुटला. रानडे नमले. लग्नाच्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत, घरी येऊन खोलीचे दार लावून बसले. लोक हसले. हसण्याचा त्यांना हक्कच होता. घरात स्वतःची विधवा बहीण होती, तिच्यासमोर हे लग्न झाले. गंमत अशी की शिष्याच्या बाबतीतही तेच घडले: गोखल्यांची पहिली पत्नी असाध्य रोगाने आजारी असता, वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून, त्यांनी १८८७ साली दुसरे लग्न केले. परक्या सरकारपुढे आकडे मांडणाऱ्या या माणसांना घरच्या वडिलांपुढे शब्द सापडत नव्हता.

त्या अकरा वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नव्हती. लग्नानंतर लगेचच पतीने पाटीपेन्सिल आणून रात्री शिकवावयास सुरुवात केली. मराठी वाचता येऊ लागले, मग हिशेब, मग इंग्रजी. घरात सासरच्या वडीलधाऱ्या बायका बऱ्याच होत्या. दिवसभर त्यांची बोलणी, रात्री अभ्यास. पतीने त्यांच्याशी भांडण काढले नाही. पत्नीनेही उलट उत्तर देऊ नये आणि अभ्यासही सोडू नये, असे त्यांचे म्हणणे असे. सांगावयास सोपे, सोसावयाचे मात्र तिला होते! बदलीच्या गावी घरखर्च तिच्या हाती दिला आणि जमाखर्च लिहावयास लावला. वर्तमानपत्रे तिच्याकडून वाचून घेऊ लागले. जी पद्धत गोखल्यांच्या बाबतीत पुढे दिसते, ती आधी येथे दिसते. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीतून लेख वाचला, तेव्हा बाहेर कौतुक झाले आणि घरी आल्यावर जेवणाच्या पानावर टोमणे वाढले गेले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज निघाला, तेथेही या जाऊ लागल्या. १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली.

रमाबाईंच्या शिक्षणातील सर्वांत अवघड धडा मात्र पाठ्यक्रमात नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या मंडळींपुढे चहाबिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून टाकली. ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे बरीच दिवस स्वस्थ होते, पण १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. बहिष्कारामुळे एका मित्राच्या घरी बापलेकांत फार ताण पडला होता, त्याला सोडवावे म्हणून घेतले. सुधारकांना हे पुन्हा एकदा नमणे वाटले. आणि या खेपेस नाराज होणाऱ्यांत स्वतः रमाबाई होत्या. ज्या नवऱ्याने अक्षर शिकविले, त्याचे हे वागणे तिला पटले नाही, आणि पटले नाही हे तिने त्याला सांगितले. मला विचाराल तर या शाळेची परीक्षा त्या दिवशी झाली आणि विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली.

रानड्यांच्या या पद्धतीला मर्यादा होत्या. त्यांच्या शाळेत आले ते बहुतेक इंग्रजी शिकलेले, पांढरपेशे, वरच्या जातीचे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेसाठी त्यांनी जोतीराव फुल्यांना बोलाविले, तेव्हा फुल्यांनी पत्राने स्पष्ट नकार दिला. आमच्या दुःखाचा तुम्हाला पत्ता नाही, असा त्याचा आशय. हे वार वर्मी लागणारे होते आणि रानड्यांच्या मंडळीला त्याचे उत्तर कधी देता आले नाही. दुसऱ्या बाजूने टिळकांच्या पक्षाला ही सारी नेमस्त मंडळी वाटली. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू देणार नाही असा हट्ट उठला. रानड्यांनी मंडप सोडून परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेली. सार्वजनिक सभा हातची गेली, तेव्हा १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. पंचवीस वर्षे जोपासलेली संस्था हातची जाते आणि माणूस दुसऱ्या दिवशी नवी नियमावली लिहावयास बसतो, याला भित्रेपणा म्हणावे की धीर, याचा निकाल ज्याने त्याने करावा. टिळकांनी मात्र रानड्यांच्या मृत्यूनंतर ‘केसरी’त लिहिताना, थंड पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणण्याचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले. आणि त्याच डेक्कन सभेने १८ जानेवारी १९४३ रोजी रानड्यांच्या एकशेएकाव्या जन्मदिनी पुण्यात व्याख्यानास बोलाविले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. बाबासाहेबांनी त्या भाषणात रानड्यांना मोठेपण दिले ते सामाजिक सुधारणेला राजकारणाच्या मागे ढकलले नाही म्हणून.

डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला सामाजिक परिषद होती. प्रकृतीमुळे रानड्यांना जाता आले नाही. भाषण लिहून दिले, ते गोखल्यांनी तेथे वाचून दाखविले. विषय होता वसिष्ठ आणि विश्वामित्र, म्हणजे गुरूंचाच. पुढच्याच महिन्यात, १६ जानेवारी १९०१ रोजी, रानडे वारले.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. तेथे येणाऱ्या तरुणाला पाच वर्षे नुसती उमेदवारी करावी लागे: वाचावे, हिंडावे, माहिती जमवावी. ही पद्धत कोठून आली हे सांगावयास नको. गांधीजींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले ते हेच गोखले. रमाबाईंनी वैधव्याचे पहिले वर्ष घरात काढले आणि मग त्या बाहेर पडल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या, १९०९ मध्ये रानड्यांच्या वाड्यातच पुण्याचे सेवासदन निघाले. विधवांना तेथे शिकवून ससून हॉस्पिटलात परिचारिकेच्या शिक्षणास पाठवू लागले. पुढे मुलींचे सक्तीचे शिक्षण आणि स्त्रियांचा मतदानाचा हक्क यांसाठी त्या १९२४ साली वारेपर्यंत झगडल्या. सक्तीचे शिक्षण मुलग्यांपुरतेच ठेवावे असे म्हणणाऱ्यांविरुद्ध त्यांनी पुण्यात बायकांना रस्त्यावर आणले. जिला पूर्वी घरच्या पानावर मान वर करावयाची चोरी होती, तीच ही रमाबाई.

१९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना आहे गोपाळ कृष्ण गोखल्यांची. पुस्तकात पतीविषयी अपार भक्ती आहे. आणि अकरा वर्षांच्या मुलीशी झालेले ते लग्न, दार लावून बसलेला नवरा, १८९२ चे प्रायश्चित्त आणि ते आपल्याला आवडले नव्हते ही गोष्ट, हेही सारे तिने लिहून ठेवले आहे.